रविवार, संध्याकाळचे साडेपाच

लंडनमध्ये रविवारी दुपारी बाराला सुरू होणारी मॅच हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला दिसते. मार्चअखेर तिथली घड्याळं तासभर पुढे गेली की तीच मॅच साडेचारला लागते. इंग्लंडच्या महिला फुटबॉलमधल्या विमेन्स सुपर लीगने २०२५-२६ च्या हंगामापासून रविवार दुपारचे बारा ही आपली मुख्य वेळ ठरवून टाकली. त्यासाठी मेलबर्नच्या प्रेक्षकाला ऐन हंगामात रात्री अकरापर्यंत जागावं लागतं आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला सकाळी सातला उठावं लागतं. भारतात मात्र ही वेळ चहाची. अडचण असलीच तर ती कोल्हापूरकरांची आहे, कारण नेमक्या याच वेळी शाहू स्टेडियमवर दिवसातली दुसरी मॅच रंगात आलेली असते.

या वेळेवरून एका कोल्हापुरी घरात मामा आणि भाचीचं जुंपलेलं आहे. मामा शिवाजी पेठेत वाढले. केएसएची म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग आणि तिच्यामागोमाग येणाऱ्या चषक स्पर्धा त्यांनी नोकरी सांभाळून पाहिल्या, आता निवृत्तीनंतर तर चुकवायचा प्रश्नच नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ ही तालमींची आणि मंडळांची नावं त्यांच्या बोलण्यात सोयऱ्याधायऱ्यांसारखी येतात. भाची पुण्यात नोकरी करते आणि सुट्टीला कोल्हापुरात येते. ती आर्सेनलच्या महिला संघाची. इंग्लंडला ती कधी गेलेली नाही आणि मामांचा पहिला आक्षेप तिथूनच सुरू होतो.

‘काचेमागची मॅच ती,’ मामा म्हणतात. ‘कॅमेरा जिकडं वळंल तिकडं तू बघणार. बॉल एका टोकाला असताना दुसऱ्या टोकाचा बॅक काय करतोय, ह्याच्यावर मॅच कळते. ते तुला कोण दाखवणार?’

भाची हे नाकारत नाही. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो. महिलांची लीग अनेक वर्षं छोट्या मैदानांवर खेळली गेली: चेल्सीचं किंग्समेडो पाच हजारांच्या आतलं, आर्सेनलचं बोअरहॅमवूडमधलं मेडो पार्कही तेवढंच. तरी छोट्या मैदानाचं एक देणं असतं, असं तिचं म्हणणं. साठ हजारांच्या गजरात जे बुडून जातं ते इथे ऐकू येतं. गोलकीपर बचावफळीला ओरडून काय सांगते, कोणती खेळाडू कुणाला मागे ओढते, प्रशिक्षक कुठल्या क्षणी वैतागते, हे सगळं कानावर पडतं. ‘मामा, शाहू स्टेडियमवर तुम्ही गॅलरीत वर बसता तेव्हा गोलीचं बोलणं ऐकू येतं का?’

मामा विषय बदलतात. तेव्हा ती त्यांना एक गोल दाखवते.

८ मे २०२२, हंगामाचा शेवटचा दिवस, किंग्समेडो. चेल्सी एका गुणाने पुढे, आर्सेनल मागावर. आर्सेनल त्याच वेळी दुसऱ्या मैदानावर वेस्ट हॅमला हरवणार होता, म्हणजे चेल्सीला बरोबरीही पुरणारी नव्हती. समोर मँचेस्टर युनायटेड आणि मध्यंतराला चेल्सी १-२ ने मागे. दुसरा अर्ध सुरू होतो न होतो तोच सॅम कर हवेतल्या चेंडूला पाय लावून बरोबरी साधते. गुरो रायटन तिसरा गोल करते. मग सहासष्टाव्या मिनिटाला चेंडू पुन्हा करकडे येतो. गोल अजून बराच लांब. ती चेंडू छातीवर घेते, खाली पडू देत नाही, आणि पंचवीसेक यार्डांवरून तो उंच उचलून मेरी अर्प्सच्या डोक्यावरून जाळ्यात सोडते. अर्प्स त्या काळातली इंग्लंडची पहिल्या पसंतीची गोलकीपर. ती मागे धावते, आणि तिच्याही पुढे चेंडू उतरतो. चेल्सी ४-२, आणि विजेतेपद.

मामांनी तो गोल पुन्हा लावायला सांगितला. परत एकदा. ‘छातीवर घेतला तेव्हाच तिचं ठरलं होतं,’ ते म्हणाले. ‘ठरल्याशिवाय एवढा हलका पाय लागत न्हाई.’ आणि थोडं थांबून, ‘पण हे तुला मैदानात एकदाच दिसलं असतं. एकदाच दिसतं म्हणून माणूस जीव लावून बघतो.’

दोघांचंही खरं आहे. ज्याने मैदानावरचा फुटबॉल पाहिलेला आहे त्यालाच पडद्यावरच्या गोलातला तो ‘हलका पाय’ दिसतो. आणि पडदा नसता, तर कोल्हापूरच्या जाणत्या डोळ्यांना सॅम कर दिसलीच नसती.

खरा वाद त्यानंतर सुरू होतो, कारण मामांचा दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘तुझं काय हाय त्यात? आपल्या टीमचा पोरगा सकाळी दूध आणायला भेटतो, संध्याकाळी गोल करतो. हरला तर रात्री गल्लीत तोंड लपवून जातो. तुझी ती आर्सेनल हरली तर तुझ्या गल्लीत काय फरक पडतो?’

भाचीचं उत्तर जरा लांबचं आहे आणि ते शंभर वर्षं मागे जातं.

१९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर डिक, कर लेडीज या प्रेस्टनच्या कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना सेंट हेलन्सशी झाला. आत ५३,००० प्रेक्षक होते आणि बाहेर हजारो लोक परत फिरले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळू द्यायचं नाही असा ठराव केला. हा खेळ बायकांना शोभत नाही, असं त्याचं कारण. ही बंदी १९७१ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं टिकली. म्हणजे लोक येत नव्हते म्हणून महिलांचा फुटबॉल दिसेनासा झालेला नाही. लोक येत होते, आणि तेव्हाच मैदानाचं दार लावून घेतलं गेलं.

‘तुमची टीम तुमच्या गल्लीत आहे, कारण गल्लीने तिला कधी हाकललं नाही,’ भाची म्हणते. ‘ह्यांना तर मैदानातूनच हाकललं होतं. मग ह्यांचे प्रेक्षक गल्लीतले कसे असतील? ते जिथे असतील तिथून जमा करावे लागतात.’

जमा करण्याचं हे काम टीव्हीने लगेच केलं असंही नाही. सुपर लीगची पहिली मॅच १३ एप्रिल २०११ ला लंडनच्या टूटिंग अँड मिचम क्लबच्या मैदानावर झाली, चेल्सी विरुद्ध आर्सेनल. जिली फ्लॅहर्टीच्या गोलावर आर्सेनल १-० ने जिंकला. मैदानात अडीच हजारांच्या आसपास माणसं होती आणि प्रक्षेपण ईएसपीएनवर होतं. तेव्हा लीगमध्ये आठ संघ होते आणि हंगाम उन्हाळ्यातला होता. पूर्ण व्यावसायिक लीग व्हायला २०१८ उजाडलं, बारा संघ व्हायला २०१९. त्याच २०१९ मध्ये असोसिएशनने ‘एफए प्लेअर’ नावाची स्वतःची सेवा सुरू केली आणि जी मॅच कुठल्या वाहिनीने विकत घेतलेली नसेल ती फुकट दाखवायला सुरुवात केली.

भाचीच्या मते सगळं तिथून बदललं. टीव्हीवर न येणाऱ्या मॅचसाठी मँचेस्टरच्या मुलीपुढे आणि कोल्हापूरच्या मुलीपुढे एकच दार होतं. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये हे कधी घडलेलं नाही. तिथे स्थानिक प्रेक्षक आधी येतो आणि परदेशी प्रेक्षक दोन-तीन पिढ्यांनंतर. इथे दोघे बरोबरीने आले. २०२०-२१ च्या करोना हंगामात तर स्टँड जवळजवळ पूर्ण रिकामे होते. किंग्समेडोच्या शेजारच्या गल्लीतला माणूसही तेव्हा पडद्यावरूनच मॅच बघत होता. त्या एका हंगामापुरता प्रत्येक चाहता परदेशातला होता.

एफए प्लेअरचे दिवस २०२४ मध्ये संपले. पुढच्या हंगामात स्काय किंवा बीबीसीने न निवडलेले सामने यूट्यूबवर मोफत दिसले. आणि २०२५ पासून स्काय आणि बीबीसीशी पाच हंगामांचा नवा करार झाला, सुमारे साडेसहा कोटी पौंडांचा. त्यात जवळजवळ सगळी लीग स्कायकडे गेली. हे ब्रिटनमधलं झालं. बाहेर प्रत्येक देशाचे हक्क वेगळे विकले जातात. ऑस्ट्रेलियात ही लीग बरीच वर्षं ऑप्टस स्पोर्टवर होती. २०२५ मध्ये ती सेवा बंद पडली आणि सामने स्टॅनकडे गेले. सॅम करसाठी रात्री जागणाऱ्या तिथल्या मुलींना एका हंगामापासून दुसऱ्या हंगामापर्यंत नवं वर्गणीचं दार शोधावं लागलं. परदेशी प्रेक्षकाच्या नशिबी हे कायमचं आहे. त्याची निष्ठा क्लबवर असते आणि त्याची मॅच कुणा तिसऱ्याच्याच करारावर.

इथे मामांच्या हाती एक पत्ता लागतो, आणि तो भाचीनेच त्यांना दिलेला आहे. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलची कुठलीही मॅच थेट दाखवायला बंदी आहे. १९६० च्या दशकापासूनचा हा नियम. मोठ्या क्लबांची मॅच घरात दिसली तर छोट्या क्लबांच्या मैदानावर कोण जाईल, ही त्यामागची काळजी.

‘म्हणजे माझंच म्हणणं तिथं कायदा हाय!’ मामा खुशीत म्हणाले.

‘आहे,’ भाची म्हणाली, ‘आणि त्याची किंमत मुलींनीही भरली आहे.’ शनिवारची ती सोन्यासारखी वेळ प्रक्षेपणाला बंद, बाकीच्या चांगल्या वेळा पुरुषांच्या मॅचेसनी घेतलेल्या. म्हणून महिलांच्या मॅचेस शनिवारी सकाळी साडेअकराला, रविवारी संध्याकाळी पावणेसातला अशा उरल्यासुरल्या जागी बसवल्या जायच्या. सकाळी साडेअकराच्या मॅचसाठी लहान पोरांना घेऊन दुसऱ्या शहरातून येणाऱ्या आईबापांनी घर कधी सोडायचं? नव्या करारात रविवारचे बारा पक्के झाले ते याच ओढाताणीला कंटाळून. मैदानावरच्या गर्दीचं कोडं मात्र त्याआधीपासूनचं आहे. १७ फेब्रुवारी २०२४ ला एमिरेट्सवर आर्सेनल-मँचेस्टर युनायटेडसाठी ६०,१६० प्रेक्षक आले, तो लीगचा विक्रम. पण २०२४-२५ मध्ये लीगची सरासरी गर्दी आधीच्या हंगामापेक्षा कमी झाली. पडद्यावर पसारा वाढला म्हणून मैदान आपोआप भरत नाही, हे मामांचं म्हणणं त्या आकड्याच्या विरोधात जात नाही.

टीव्हीसाठी मॅच रेटण्याचाही एक नमुना आहे. २२ जानेवारी २०२३, किंग्समेडो, चेल्सी विरुद्ध लिव्हरपूल. कडाक्याची थंडी, मैदानाचा काही भाग गोठलेला. कॅमेरे लागलेले, प्रेक्षक आलेले, मॅच सुरू झाली. खेळाडू उभ्या राहता राहता घसरत होत्या. सहा मिनिटांनी रेफ्रींनी मॅच थांबवली आणि ती रद्द झाली. चेल्सीच्या तेव्हाच्या प्रशिक्षक एमा हेज यांनी मैदानाखाली तापवण्याची सोय हवी, ही मागणी त्यानंतर जाहीरपणे लावून धरली. पुरुषांच्या सर्वोच्च लीगमध्ये ही सोय गृहीत धरलेली असते. त्या सहा मिनिटांचं चित्रण जगभर दिसलं नसतं तर मागणीला एवढा जोर आला असता का? भाचीला वाटतं, नाही. याबाबतीत ती बरोबर आहे असं म्हणायला हरकत नाही. गैरसोय झाकून ठेवली की ती वर्षानुवर्षं चालते.

मग मामांनी डॉनकास्टरची गोष्ट काढली. ती त्यांना भाचीनेच कधीतरी सांगितली होती आणि त्यांनी ती मनात जपून ठेवली होती.

डॉनकास्टर बेल्स हा क्लब १९६९ मध्ये उभा राहिला. उत्तर इंग्लंडमधल्या खाणपट्ट्यातलं हे शहर. पुरुषांच्या मॅचला बेल व्ह्यू मैदानावर लॉटरीची तिकिटं विकणाऱ्या मुलींनी मिळून तो काढला. बंदी अजून पूर्ण उठायची होती. त्यांनी सहा वेळा एफए चषक जिंकला आणि राष्ट्रीय लीग सुरू झाली तेव्हा तिचं पहिलं विजेतेपदही मिळवलं. २०११ मध्ये सुपर लीगच्या आठ संस्थापक संघांत त्या होत्या. २०१३ च्या हंगामातली एकच मॅच खेळून झाली असताना त्यांना कळवण्यात आलं की पुढच्या वर्षी लीगचे दोन विभाग होतील आणि त्यांची जागा खालच्या विभागात असेल. वरच्या विभागात मँचेस्टर सिटी आली. हा निर्णय मैदानावरच्या निकालावर झालेला नव्हता. पैसा, सुविधा, व्यावसायिक ताकद या निकषांवर झाला. २०१८ मध्ये बेल्सनी खालचा विभाग जिंकला, पण नव्या व्यावसायिक रचनेचा खर्च झेपेना म्हणून आणखी खाली जावं लागलं.

‘आता सांग,’ मामा म्हणाले. ‘तिकिटं विकणाऱ्या पोरींनी उभी केलेली टीम. ही खरी पेठेतली टीम. ती काढली आणि पेट्रोलच्या पैशाची सिटी आणली, कारण ती टीव्हीवर चांगली दिसते. तू जी लीग बघतेस ती ह्यांना काढून उभी केलेली हाय. शाहू स्टेडियमवर उद्या कोणी येऊन म्हणाला की खंडोबाला काढा आणि मुंबईची कंपनी घ्या, तर तुला चालंल?’

भाची बराच वेळ बोलली नाही. या प्रश्नाला सोपं उत्तर नाही आणि पडद्यावर लीग पाहणाऱ्या कुणालाही तो टाळता येऊ नये. दूरच्या प्रेक्षकाला लीग तयार अवस्थेत मिळते, लोगो, संगीत, आकडे आणि तज्ज्ञांच्या गप्पांसह. ती तयार होताना कोण बाहेर पडलं हे पडद्यावर दिसत नाही. बेल व्ह्यूच्या आसपास राहणाऱ्याला ते माहीत असतं, कारण त्याची शेजारीण त्या संघात खेळलेली असते.

तिने अखेर उत्तर दिलं ते रेडिंगचं नाव घेऊन. रेडिंगचा महिला संघ २०१६ ते २०२३ सुपर लीगमध्ये होता. २०२३ मध्ये तो खाली गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात क्लबने दुसऱ्या श्रेणीतूनही माघार घेऊन संघ थेट पाचव्या श्रेणीत नेला. कारण पुरुषांच्या क्लबची आर्थिक दुरवस्था. २०२५ मध्ये ब्लॅकबर्ननेही महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. ‘मामा, बेल्सना पैसा नव्हता म्हणून काढलं. रेडिंगकडे भावाचा पैसा होता, भाऊ बुडाला तशी बहीण पहिल्यांदा घराबाहेर. दोन्हीकडे रोग एकच. बायकांच्या खेळाची स्वतःची कमाई नाही. टीव्हीचा पैसा ही ती कमाई आहे. ती नसेल तर हे कायम कुणाच्या तरी मर्जीवर राहणार.’

आकडे काढले तर मर्जी किती मोठी आहे ते कळतं. महिला लीगला ब्रिटनमधल्या प्रक्षेपणातून वर्षाला साधारण एक कोटी तीस लाख पौंड मिळतात. पुरुषांच्या प्रीमियर लीगचे देशांतर्गत हक्क २०२५ पासून चार हंगामांसाठी ६.७ अब्ज पौंडांना गेले. वर्षाचा हिशोब मांडला तर फरक सव्वाशे पटींहून जास्त. या दरीत परदेशी प्रेक्षकाची वर्गणी आज किरकोळ आहे. पण ब्रिटनमधली बाजारपेठ एवढीच आहे आणि वाढायला जागा असेल तर ती बाहेर. ऑस्ट्रेलियाची सॅम कर, जमैकाची खदिजा शॉ, नेदरलँड्सची व्हिव्हियान मिडेमा यांच्यामुळे ही लीग त्या त्या देशांतल्या घरांत शिरली. मिडेमाने डिसेंबर २०१९ मध्ये ब्रिस्टल सिटीविरुद्ध एकाच सामन्यात सहा गोल केले आणि आणखी चार करून दिले, आर्सेनल ११-१. भाची आर्सेनलची झाली ती त्या सामन्याचे तुकडे पाहून.

पुरुषांच्या संघाशी नातं नसलेला एक क्लब, लंडन सिटी लायनेसेस, २०२५ मध्ये वर चढला, हेही तिने सांगितलं. ‘मालकीण कोण?’ मामांनी विचारलं. अमेरिकन उद्योजक मिशेल कांग. ‘म्हणजे पेठ न्हाईच,’ मामा म्हणाले, आणि या एका मुद्द्यावर भाचीकडे खरोखर काही उरलं नाही.

मग तिने महाराष्ट्राची बाजू काढली.

जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. अंधेरीच्या मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाला १८-० ने हरवलं, त्यात सॅम करचे पाच गोल. ३० जानेवारीला बालेवाडीत उपांत्यपूर्व सामना होता. ऑस्ट्रेलियाच्या संघात चेल्सीची कर, आर्सेनलच्या स्टेफ कॅटली आणि केटलिन फोर्ड. समोर कोरिया, आणि कोरियात चेल्सीची जी सो-युन. सत्त्याऐंशीव्या मिनिटाला जीने लांबून मारलेला फटका वर कोपऱ्यात गेला आणि ऑस्ट्रेलिया घरी. किंग्समेडोवर दोन वर्षं एकत्र कमावलेला खेळ हिंजवडीपासून हाकेच्या अंतरावर उतरला होता. पण करोनाची तिसरी लाट होती, मैदान प्रेक्षकांना बंद होतं. भाची तेव्हा पुण्यातच होती. तिने ती मॅच पडद्यावर पाहिली.

त्याच स्पर्धेत यजमान भारताच्या खेळाडूंनाच करोनाने गाठलं. चिनी तैपेईविरुद्ध संघ उभा करता आला नाही आणि भारत स्पर्धेबाहेर गेला. पुढे जुलै २०२५ मध्ये थायलंडला त्यांच्याच मैदानावर २-१ ने हरवून भारताच्या मुलींनी २०२६ च्या आशियाई चषकाची पात्रता मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे.

‘मग ह्या पोरी कुठं खेळतात रोज?’ मामांनी विचारलं. ‘तू ती आपली लीग बघतेस का?’

इंडियन विमेन्स लीग २०१६-१७ मध्ये सुरू झाली. पहिली काही वर्षं सगळे संघ एका शहरात गोळा करून थोड्या दिवसांत लीग उरकली जायची. घरच्या आणि बाहेरच्या मैदानांवरची खरी लीग २०२३-२४ पासून. तो हंगाम ओडिशाने जिंकला, पुढचा ईस्ट बंगालने. भाची ती बघते, नियमित नाही पण बघते. बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलॉनकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली. हे रस्ते याच लीगमधून निघाले. अदिती चौहान त्याआधीच, २०१५ मध्ये, वेस्ट हॅमच्या महिला संघात गोलकीपर होती. तेव्हा तो संघ तिसऱ्या श्रेणीत होता. सुपर लीगच्या मैदानावर भारतीय मुलगी खेळताना बघायची भाचीची इच्छा अजून पुरी व्हायची आहे.

‘आणि मामा, कोल्हापूर सिटी नावाचा संघ या लीगमध्ये खेळला आहे. २०१९-२० मध्ये. मॅचेस बंगळुरूत झाल्या.’

मामांना हे माहीत नव्हतं. शहरातल्या प्रत्येक तालमीच्या फॉरवर्डची कुंडली सांगणाऱ्या माणसाला आपल्या गावाच्या नावाने देशाच्या लीगमध्ये खेळलेल्या मुलींची खबर नव्हती. भाचीने तेव्हा मनात साठलेलं बोलून टाकलं. ‘दादाला तुम्ही खांद्यावर बसवून स्टेडियमला नेलंत. मला कधी नेलं नाही. मला फुटबॉल पडद्यावरच भेटला, कारण मैदानाची वाट मला कुणी दाखवली नाही.’

‘तिथं शिव्या चालतात. पोरगी म्हणून न्हाई नेलं,’ मामा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. मग त्यांनीही विचारलं, ‘बरं, त्या कोल्हापूर सिटीची गोली कोण होती? कुठल्या तालुक्यातली?’

भाचीला आर्सेनलच्या राखीव खेळाडूंसकट सगळी नावं पाठ होती. हे नाव तिला सांगता आलं नाही. तिने फोन काढला आणि शोधू लागली. मामा चष्मा लावून तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते.

‘ती भारतातली लीग कधी लागते?’

‘यूट्यूबवर असते. पण बऱ्याच मॅचेस दुपारी साडेतीनला, आठवड्याच्या मधल्या दिवशी. मी ऑफिसात असते.’

‘मी न्हाई ऑफिसात. मला लावायला शिकव. आणि गोली कोण कुठली ते बघून तुला मीच सांगतो.’